आधी साखर, मग राग

दिनांक ९, मंगळवार

चि. ताईस,

सप्रेम आशीर्वाद. इकडे मी व तुझी आई शरीराने बरे आहोत. तिचे गुडघे पायऱ्या चढताना कुरकुरतात. माझा रक्तदाब औषधाच्या आज्ञेत आहे. पहाटेचे पठण व दुपारचे लेखन यांत खंड नाही. तुमच्याकडील क्षेम कळवीत जावे.

खारूचे गळ्याजवळचे हाड सांधू लागले असून ती आता उशीला टेकून बसते, हे तुझ्या पत्रावरून कळले. पंधराव्या वर्षी हाडे लवकर सांधतात. सुट्टीचे चार आठवडे तिने आजी-आजोबांजवळ सुखाने काढावेत म्हणून तू तिला धाडलेस, आणि दुसऱ्याच आठवड्यात जिन्याने घात केला, याचा आम्हा दोघांना विषाद वाटतो. साखर एकाएकी उतरली, घेरी आली, ती कठड्यावर आपटून खाली गेली आणि फोन तिच्याच भाराखाली चुरडला. हे मी डॉक्टरांना सांगितले, तुलाही सांगितले. पुन्हा पुन्हा सांगितल्याने वृत्तान्तात भर पडत नाही.

तू विचारतेस, फोन वाजलेला कोणी ऐकला का. तुझी आई बाजारात गेली होती. मी माझ्या खोलीत होतो. ऐकल्याचे मला स्मरत नाही.

तुझ्या अॅपविषयी माझ्या मनात आदरच आहे. मधुमेह असलेल्या मुलाच्या दंडावर एक चकती असावी, तिने रक्तातील साखर मोजावी, फोनने ती दाखवावी, उतरली तर मुलाला हाक द्यावी व आईला निरोप धाडावा, ही कल्पना करुणेतून जन्मली आहे. त्यातील मराठी वाक्ये शुद्ध करण्याचे काम तू या म्हाताऱ्याला दिलेस, हा मी माझा गौरव समजतो. परंतु यंत्र ते यंत्र. त्यावर किती भार टाकावा, याचा विवेक माणसाने सोडू नये.

तुझी ती चष्मेवाली प्रोग्रॅमर गेल्या महिन्यात वाक्यांची चळत घेऊन आली होती, तेव्हा तिच्याशी माझे थोडे वाजले, ते तुझ्या कानी आलेच असेल. घरच्या मोठ्या माणसांसाठी केलेल्या पानावर एक वाक्य होते : "लेकरू उर्मट बोलत असेल, तर आधी साखर बघा, मग रागवा." मी ते लाल शाईने खोडले.

"आजोबा, हे का काढलंत?" ती म्हणाली.

"उद्धटपणाला आजाराचे पांघरूण घालू नये, म्हणून."

"अहो, आपल्या चाचणीत एक सुतारकाका आहेत. त्यांचा मुलगा काहीतरी बरळत घरी आला. यांना वाटलं, पिऊन आलाय. हातातली लाकडी पट्टी तोंडावर हाणली. दोन दात गेले. साखर पन्नास होती त्याची."

"बापाने मारले. शत्रूने नव्हे."

"दातांना काय कळतंय कोण मारतंय ते."

स्वयंपाकघरात तुझी आई हसली. मला ते रुचले नाही. ताडनाचे गुण सांगताना जुने आचार्य थकले नाहीत आणि कालचे पोर मला दातांचा हिशेब ऐकवते. अखेर तू माझ्या वयाचा मान राखून ते वाक्य वगळलेस, याबद्दल समाधान वाटले.

तुझ्या आईने वेगळे लिहिलेले नाही. ती हल्ली कमी बोलते. खारूस गोड पापा.

आशीर्वाद.
बाबा


दिनांक १७, बुधवार

चि. ताई,

तुझे काल आलेले पत्र चार वेळा वाचले. चाळीस मुलांवरील चाचणी सोमवारी बंद होणार. अॅप कायमचे मागे घेतले जाणार. हाक न दिल्याचा दोष चष्मेवालीच्या माथी ठेवून तिला कामावरून दूर केले जाणार. तिने सगळे पुन्हा तपासले तरी चूक सापडत नाही, फोनचा चुरा झाल्यामुळे त्यातील नोंद वाचता येत नाही, आणि तुझ्यापर्यंत निरोप आलाच नाही, हे निश्चित. शेवटी तू लिहितेस, "बाबा, माझ्याच अॅपने माझी मुलगी मारली असती."

चूक सापडणार नाही. अॅपने हाक दिली होती. ती मी ऐकली.

आता क्रमाने सांगतो. आयुष्यभर मी शिष्यांना सांगत आलो की घटनेचा क्रम बदलला की सत्य बदलते. मागच्या पत्रात मी तोच बदलला होता.

खारू आल्यापासून दुपारी चार ते पाच मी तिला पाठ देत असे. त्या तासाला फोन माझ्या खोलीतल्या लोखंडी कपाटात कुलपात जाई. तिला सोडून जाताना तू दारात उभी राहून मला म्हणाली होतीस, "बाबा, एक सांगते, फोन तिच्यापासून लांब ठेवू नका." मी मान डोलावली होती. माझ्या मनात होते, एक तास म्हणजे लांब नव्हे. दाराआडून तो वाजला तर ऐकू येतो, हे मी पाहिले होते. जवळच्या चकतीचा आकडा आत पोहोचला, तरी बंद लोखंडी कपाटातून निरोप बाहेर जात नाही, हे मला ठाऊक नव्हते. चष्मेवालीला हे सांग. तिला एका वाक्यात सगळे उमगेल.

त्या दिवशी सकाळी खारू गल्लीतल्या मुलींबरोबर पुष्कळ खेळली होती आणि दुपारी जेमतेम जेवली होती. सव्वाचारला ती एकाच ओळीवर अडखळू लागली. मी सांगावे, तिने भलतेच म्हणावे व हसावे. कपाळावर घाम होता. मला वाटले, थट्टा चालली आहे. इतक्यात कपाटात फोन वाजू लागला.

"आबा, तो वाजतोय."

"वाजू दे. ओळ म्हण."

"आबा, मला ना... ते द्या ना."

"आधी ओळ."

ती उठली. पाय लटपटत होते. मी त्याला मस्ती समजलो. ती कपाटाकडे जाऊ लागली, मी आडवा झालो. तिने मला दोन्ही हातांनी ढकलले आणि एक शिवी दिली. ती शिवी मी या घरात कधी ऐकली नव्हती. त्या झटापटीत माझ्या वडिलांच्या हातची पोथी चौरंगावरून जमिनीवर गेली आणि तिचा पाय पानांवर पडला.

मी काठी उचलली. पहिला फटका तिने अडवायला वर केलेल्या हातावर बसला. ती ओरडली नाही, माझ्याकडे पाहून हसली. त्या हसण्याने माझे उरलेसुरले भान गेले. दुसरा मी दोन्ही हातांनी मारला. तो खांद्यावर, गळ्याजवळ बसला आणि आतून काहीतरी तुटल्याचा आवाज आला. वाळली फांदी मोडावी तसा. ती खाली बसली, तरी मी तिसरा मारला. त्याने काठी मोडली. पाठीवरचा तो वळ डॉक्टरांनी पाहिला आणि मग बराच वेळ माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "कठडा." वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांसमोर ज्या आवाजात बोललो, त्याच आवाजात म्हणालो, म्हणून त्यांनी पुढे विचारले नाही.

फोन वाजतच होता. मी कपाट उघडले, तो बाहेर काढला. ताई, यापुढचे मी तुझ्या आईलाही सांगितलेले नाही. पडदा लाल होता. त्यावर आकडा होता बेचाळीस, आणि खाली मीच तपासून दिलेले वाक्य : साखर फार उतरली आहे, हिला आत्ता गोड द्या. मी ते वाचले. मला त्याचा अर्थ कळला. ती का हसली, का ढकलले, ती शिवी कोणाच्या तोंडची होती, हे सगळे एका श्वासात कळले. कोपऱ्यात साखरेच्या पुड्या असलेली तिची पिशवी होती, दोन पावलांवर.

आणि मी फोन जमिनीवर ठेवून काठीच्या पितळी मुठीने फोडला. आवाज थांबेपर्यंत.

का, याचा विचार मी इतके दिवस केला. तो आकडा खरा मानला असता, तर ते तीन फटके एका बेशुद्ध होत चाललेल्या लेकराला मारले होते, असे ठरले असते. ते ठरू नये म्हणून मी साक्षीदाराचे तोंड बंद केले. क्रोधाने बुद्धी नष्ट होते, हे मी कितीदा शिकवले. पण फोन फोडताना माझी बुद्धी नष्ट झाली नव्हती. ती चांगली जागी होती आणि माझ्याच बाजूने लढत होती.

मग खारूला झटके येऊ लागले. तिचे डोके चौरंगाच्या पायावर आपटत होते. मी उभा होतो. किती वेळ, ते सांगता येत नाही. माझ्या हातात अर्धी काठी होती.

तुझी आई पिशव्या घेऊन आत आली.

"काय केलंत?"

"पडली."

"पडली? मग काठी कशानं मोडली?"

उत्तराला ती थांबली नाही. फ्रीजमधून साखर चढवणाऱ्या औषधाची सुई आणली, पाणी औषधात मिसळले, मांडीत टोचली, पोरीला कुशीवर वळवले. आल्याच्या पहिल्याच रविवारी खारूने तुझ्या अॅपमधली चित्रे दाखवून तिच्याकडून हे उशीवर गिरवून घेतले होते. "आजी, खुशाल टोच, उशी काही ओरडत नाही," असे म्हणून दोघी हसून हसून लोळल्या होत्या. मी तेव्हा आत बसून गोंगाटाबद्दल रागावलो होतो. तुझी मुलगी त्या चित्रांनी वाचली, ताई. तुझ्या अॅपने दोनदा आपले काम केले. एकदा मी ते होऊ दिले नाही. दुसऱ्यांदा मी मध्ये नव्हतो.

त्या दिवशी आईने तुला खरे सांगितले नाही, याबद्दल तिच्यावर रागावू नकोस. ती मला एवढेच म्हणाली, "ताईच्या वेळी सगळ्यांना सांगितलं, कान सर्दीनं गेला. ते पाप माझं. आता तुम्ही लिहा, नाहीतर मी बोलते." काल तुझे पत्र वाचून तिने ते माझ्या ताटाशेजारी ठेवले. ताट वाढले नव्हते.

तुझ्या डाव्या कानाविषयी आपण कधी बोललो नाही. तू नऊ वर्षांची होतीस, एक उच्चार तिसऱ्यांदा चुकलीस, आणि मी उलट्या हाताने मारले. कानातून रक्त आले ते तुझ्या शाळेच्या गणवेशावर ओघळले. दोन वर्षांमागे मी तुला विचारले होते की या अॅपची हाक इतकी कर्कश का केलीस. तू म्हणालीस, "एका कानानं ऐकणाऱ्यालाही गेली पाहिजे ना, बाबा." मी विषय बदलून हवामानाविषयी बोललो.

आणखी एक राहिले आहे. ते लिहिण्यासाठीच खरे तर हे पत्र आहे. इस्पितळात तिसऱ्या दिवशी खारू नीट शुद्धीवर होती. तिला त्या दुपारचे काहीच आठवत नाही. फक्त पोथी पडल्याचे अंधूक आठवते. तू औषध आणायला गेली होतीस. तिने चांगला हात पुढे करून माझे बोट धरले.

"आबा, पोथी खाली पडली ना माझ्याकडून? पाय पण लागला का? सॉरी."

मी म्हणालो, "असू दे. क्षमा केली."

मी तिला क्षमा केली, ताई. जिन्यावरून आपण धांदरटपणे पडलो, साखर नीट सांभाळली नाही, आजोबांची पोथी तुडवली, आपल्यामुळे आईचे काम बुडाले, हे सगळे घेऊन ती मुलगी तिकडे उशीला टेकून बसली आहे. यातले काहीही तिचे नाही.

म्हणून सोमवारच्या आत एवढे कर. हे पत्र चष्मेवालीला व तुझ्या वरिष्ठांना दाखव. एक ओळही झाकू नकोस. डॉक्टरांना दाखव, त्यांना कागद दुरुस्त करावा लागेल. पोलिसांना द्यावेसे वाटले तर दे. मी दार उघडे ठेवून बसेन आणि विचारतील ते सांगेन. जे वाक्य मी खोडले, ते त्या पानावर सर्वांत वर लिही. त्या सुताराला मी वेगळे पत्र लिहीत आहे. त्याने निदान काय केले ते त्याच दिवशी कबूल केले होते. आणि हे सगळे करण्याआधी खारूजवळ बस व तिला तिच्या भाषेत सांग की ती पडली नाही. तिला मारले. तिने तीनदा मदत मागितली होती, आणि मागण्यात तिची काही चूक झाली नव्हती.

मी भेटायला येऊ का, असे विचारीत नाही. ते विचारणे म्हणजे पुन्हा तिच्याकडून काहीतरी मागणे होईल.

हे पत्र टपालाने येणार नाही. तुझी आई स्वतः घेऊन येत आहे. तिच्याजवळ एक मोठी पेटी आहे, हिवाळ्याचे कपडे आहेत, चष्म्याची जादा जोडी आहे. मी विचारले, "परत कधी?" ती म्हणाली, "पेटी उचलून द्या, जड आहे." मी उचलून दिली. गाडी सकाळी अकराला पोहोचते. तिचे गुडघे दुखतात; स्थानकावर तिला उतरवून घे.

ज्याने मारले तो,
तुझा बाप