आतली कडी

आई,

घराची दारं बदलायला काढली आहेत. बिबवेवाडीच्याच घराची, बाबा गेल्यावर तू आमच्याकडे राहायला आलीस त्याच. बाथरूमची चौकट वाळवीने पोखरली होती. एक काढायचीच तर सगळी काढू, असं तुझ्या नातवाने ठरवलं. काल तो, सूनबाई आणि मी दुकानात गेलो होतो. हल्ली दार घ्यायचं म्हणजे मुलगी बघायला गेल्यासारखं असतं. सागवानी की नुसतं सागवानासारखं दिसणारं, सपाट की नक्षीचं, बाहेर आणखी एक जाळीचं हवं की नको. सूनबाई नक्षीपाशी अडून बसली तेव्हा माझ्या तोंडून तुझंच वाक्य गेलं, "अगं, दार म्हणजे साडी नव्हे, नुसते काठ बघून घ्यायला. नीट बंद होतंय का ते बघ." ती दोघं हसली. दुकानदारही हसला, पण त्याचं आपलं गिऱ्हाईक राखायला.

मग बाथरूमच्या दारांची पाळी आली. तिथे लाकडाचं नावच नको, पाण्याने न फुगणारं प्लॅस्टिकचं घ्यायचं, यावर सगळ्यांचं एकमत झालं. दुकानदाराने आतल्या कड्या मांडल्या, तेव्हा माझा मुलगा त्याला म्हणाला, "आईच्या बाथरूमला कडी नको. पडली-बिडली तर दार तोडत बसायचं का?" मी हाताच्या अंतरावर उभी होते. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

हेच वाक्य मी सुताराला म्हटलं होतं. तू एकदा साबणावरून घसरलीस, लागलं काहीच नाही, आणि दुसऱ्या दिवशी मी सुतार बोलावला. तू स्वयंपाकघरात मंडईतून आणलेले मटार सोलत बसली आहेस. कडी उपटल्याचा आवाज येतो, तशी तू हातातली शेंग खाली ठेवतेस. "मला विचारायचंस तरी," एवढंच म्हणतेस. मी म्हणते, "विचारायचं काय त्यात? तुझ्याच भल्यासाठी करतेय." तू पुन्हा शेंग उचलतेस. "बरं. झालं भलं." पुढे कितीतरी दिवस तू माझ्याशी कामापुरतंच बोलत होतीस. म्हातारपणी माणूस हट्टी होतं, असं मी शेजारणीला सांगितलं.

त्यानंतर तू आंघोळीला गेलीस की आतून पाढे ऐकू यायचे. भरलेली बादली दाराला लावायचीस आणि मोठ्याने एकोणतीसचा पाढा सुरू करायचीस, आत माणूस आहे हे सगळ्यांना कळावं म्हणून. आम्ही हसायचो. आजीची शाळा भरली, म्हणायचो. एक बाई अंगावर पाणी घेताना आपली लाज आकड्यांनी झाकते आहे, हे मला तेव्हा दिसलं कसं नाही? एका रविवारी तू तोंडाला साबण लावला होतास आणि पाढा थांबला होता. हे अर्धवट झोपेत उठले आणि त्यांनी दार ढकललं. बादली कलंडली. "अहो, मी आहे आत," असा तुझा आवाज आला, अगदी हळू. हे बिचारे कानकोंडे होऊन दिवसभर बाहेरच राहिले. तू जेवायला आली नाहीस. चार दिवसांत दादाकडे लोणी काळभोरला निघून गेलीस. तिथली न्हाणी अंगणाच्या कोपऱ्यात, पत्र्याच्या दाराची, पण दाराला कडी होती. मी न्यायला आले तेव्हा तू आत बसून राहिलीस आणि दादाच म्हणाला, "ऱ्हाऊ दे तिला. हितं बरी हाय ती." तिथेच तू गेलीस. गावची ओढ असते माणसाला, असं मी लोकांना सांगत आले.

काल दुकानात मात्र मी सगळ्यांसमोर म्हटलं, "मला कडी हवी. आणि जे विचारायचं ते मला विचारा, मी अजून आहे." मुलगा गडबडला. दुकानदाराने शांतपणे खणातून दुसरी कडी काढली. आतून लागते, आणि वेळ पडली तर बाहेरून नाणं घालून फिरवली की उघडते. प्रश्न मिटला. सगळं मिळून चहा येईपर्यंतचा वेळ लागला. अशी कडी तेव्हाही मिळत असेल गं. मी बघायलाच गेले नाही.

घरी आल्यावर मुलाला विचारलं, "खरं सांग, काळजीपोटीच म्हणालास ना?" तो म्हणाला, "अगं, मग दुसरं काय असणार?"

त्याच्यापुरतं ते खरं असेल. पण दुसरं काय असतं, ते मला माहीत आहे. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. तुझ्या आंघोळीला फार वेळ लागायचा, आई. सकाळी माझे डबे भरून व्हायचे, ऑफिसची बस गाठायची असायची, आणि तू आत. तू घसरलीस, आणि मला कारण मिळालं. कडी नसली की तू आवरतं घेशील, असा माझा हिशेब होता. आणि तू आवरतं घेतलंस. ओल्या अंगालाच साडी गुंडाळून बाहेर यायला लागलीस, आणि मला बस मिळायला लागली.