शॉर्टस्टॉपची आपसी बदली

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली आणि तुला लिहायला बसलो ते एका खेळापायी, जो तू कधी पाहिलाही नाहीस. मीही पन्नाशी येईपर्यंत पाहिला नव्हता. बेसबॉल. चेंडू-फळीचाच खेळ, पण धावायचं ते चौकोनाच्या चार ठाण्यांवरून. शारजात आमची एक हौशी टीम आहे, नोकऱ्या सांभाळून शनिवारी सकाळी खेळणाऱ्यांची. मी खेळत नाही. कडेला बसून स्कोअर लिहितो आणि कोणाला कुठे उभं करावं याचे सल्ले देतो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणाली असतीस तू, आणि इथे तर उंटही आहेत.

गेल्या महिन्यात आमचा शॉर्टस्टॉप गेला. दुसऱ्या आणि तिसऱ्या ठाण्याच्या मध्ये उभा राहणारा, सगळ्यात जास्त चेंडू ज्याच्या अंगावर येतात तो. नोकरी सुटली, व्हिसा कॅन्सल झाला, सामान विकून तो मायदेशी परतला. आमच्या लीगमध्ये हंगामाच्या मध्यावर एकदाच दोन टीमना आपसांत एकेक खेळाडू बदलता येतो. कॅप्टन म्हणाला, "सरजी, आप देखो. किसको लाना है, बदले में कौन जाएगा, लिस्ट बनाओ." मी वही घेतली, रकाने आखले. हात, पाय, फेक, फलंदाजी. शेवटच्या रकान्यावर मी लिहिलं, 'येऊन रमेल का?' आणि पेन तसंच धरून बसून राहिलो. तो रकाना तुझा होता.

तुझी ती खाकी कव्हरची वही मला अजून दिसते. तू घाटाखाली कोकणात झेडपीच्या शाळेवर, आणि मी नि बाबा कराडला. शनिवारी संध्याकाळी तू येतेस, रविवारी दुपारच्या एसटीने जातेस. बदली हवी तर एकच वाट, आपसी बदली. म्हणजे कराडच्या आसपासची कोणी बाई शोधायची, जिला कोकणात जायचंय. तू वहीत अशा बायकांची यादी केली होतीस. शाळा कुठली, एसटी थांबते का, पाणी आहे का, घरात म्हातारं माणूस आहे का, आणि शेवटी, येऊन रमेल का. मी विचारलं होतं, "ती रमली नाही तर तुला काय करायचंय?" तू म्हणालीस, "अरे, माझ्या जागी ती जाणार ना!"

मी सहावीत असताना अशी एक बाई सापडली. आपल्या घरापासून सायकलने दहा मिनिटांवरच्या शाळेतली, कोकणात सासर असलेली, मांडीवर सहा महिन्यांचं बाळ. ती आपल्या स्वयंपाकघरात पाटावर बसली आहे, तू शिरा केला आहेस, बाबा उगाचच आत-बाहेर करताहेत. अर्ज भरलेला आहे, तिची सही तेवढी बाकी. आणि तू मध्येच गॅस बंद करून तिच्यासमोर बसलीस. "एक सांगते. शाळेच्या वाटेवर ओढा आहे. पावसाळ्यात कंबरेएवढं पाणी असतं. साकव दोनदा वाहून गेलाय. बाळाला घेऊन जमेल का, बघा." तिने बाळाकडे पाहिलं. शिरा संपवला, चहा घेतला, सही न करता गेली. बाबा म्हणाले, "तुला विचारलं होतं का कोणी?" तू म्हणालीस, "विचारलं नाही म्हणून सांगायचं नाही?"

त्या रविवारी मी स्टँडवर आलो नाही. पुढच्या शनिवारी तुझ्या तोंडावर म्हणालो, "तुला यायचंच नव्हतं." माझ्यावर तू कधी हात उचलला नाहीस, त्या दिवशीही नाही. फक्त म्हणालीस, "ती तिकडे बाळ घेऊन पाण्यात उतरली असती. आणि मी इथे तुला गरम पोळी वाढली असती. ती गेली असती का माझ्या घशाखाली?" मला काय त्याचं! मला पोळी हवी होती. तुझी बदली झाली त्यानंतर सात वर्षांनी, आणि तेव्हा मी पुण्याला होस्टेलवर होतो.

तर माझी यादी. पहिला एक अमेरिकन मास्तर, बॅट झकास चालते पण गुडघा वाकत नाही. खालून येणारा चेंडू त्याला नमस्कार करून निघून जातो. दुसरा शारजातच वाढलेला मल्याळी पोरगा, पायात वीज, पण फेक अशी की पहिल्या ठाण्यावरचा माणूस जीव मुठीत धरून उभा राहतो. दगडापेक्षा वीट मऊ म्हणून घ्यावा, इतपत. आणि तिसरा शेजारच्या उम्म अल कुवैन शहराच्या टीममधला जपानी इंजिनियर. त्याचे मी तीन सामने कडेला बसून पाहिले. चेंडू फळीवरून सुटायच्या आधी हा माणूस हललेला असतो. शिवाय त्याचं ऑफिस शारजाला हललंय, तो स्वतःच टीम बदलू पाहतोय. 'येऊन रमेल का' या रकान्यात मी ठसठशीत बरोबरची खूण केली. मग त्यांच्या कॅप्टनने बदल्यात आमचा सेंटर फील्डर मागितला, मैदानाच्या पार मागे मधोमध उभा राहून लांबचे चेंडू अडवणारा.

हा आमचा सेंटर फील्डर लाहोरकडचा आहे, एसीचं काम करतो. तुझी सून लेकीच्या कॉलेजसाठी पुण्याला गेली, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून अल मजाजच्या फ्लॅटमध्ये मी, फ्रीज आणि समोरचं खाडीचं पाणी. दर शनिवारी सकाळी हा पिकअप घेऊन माझ्या बिल्डिंगखाली येतो, दोन कडक चहा घेऊन. ग्राउंडपर्यंत चाळीस मिनिटं. त्याच्या आईचे सांधे, माझं कोलेस्टेरॉल, कोणाकडच्या आंब्याला आंबा म्हणावं यावर भांडण. आठवड्यात माझ्याशी इतका वेळ बोलणारं माणूस दुसरं नाही. मी त्याला मागणी सांगितली तर तो खूशच झाला. "सरजी, मेरे लिए तो बहुत अच्छा है. बीवी-बच्चे आ रहे हैं, घर भी उम्म अल कुवैन में ही लिया है. ग्राउंड पाँच मिनट पे."

बघ ना आई, कशी जुळली होती. इतकी चोख आपसी बदली तुला आयुष्यात सापडली नसती. लेकीला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, इट्स पर्फेक्ट फॉर एव्हरीवन. व्हॉट्स द प्रॉब्लेम?" मी म्हटलं, काही नाही.

त्यांचा कॅप्टन लेबनानी, मोठा गोड माणूस. सगळं ठरल्यावर फोनवर सहज म्हणाला, "हबीबी, एनीथिंग आय शुड नो?" आणि मी सांगितलं. गेल्या वर्षी आमच्या सेंटर फील्डरचा खांदा गेला होता, चार महिने हात वर जात नव्हता. मग तो म्हणाला, "थँक यू फॉर बीइंग ऑनेस्ट." दोन दिवसांनी जपानी इंजिनियर तिसऱ्याच टीमकडे गेला. आमच्या कॅप्टनलाही मी हे सांगितलं, तुझी गोष्ट सांगून. तो बिचारा गहिवरला. "खलास सरजी, आपने सही किया. आपकी माँ ग्रेट थीं." माझ्या पिकअपवाल्या मित्राला मात्र एवढंच सांगितलं की त्यांना दुसरा कोणी मिळाला. तो म्हणाला, "कोई बात नहीं."

आता शॉर्टस्टॉपला आमचा कॅप्टनच उभा राहतो आणि आम्ही हरतो. मित्राची बायको-मुलं आली. तो शनिवारी उजाडायच्या आत उम्म अल कुवैनहून निघतो, मला घ्यायला शारजाला येतो. गेल्या खेपेला गाडीत त्याच्या धाकट्याचा फोन आला, स्पीकरवर. "अब्बू, आज तो छुट्टी है ना? कब आओगे?" तो हसून म्हणाला, "बस बेटा, दोपहर को." मी खिडकीबाहेर बघत चहा प्यायलो. ते वाट बघणं मला पाठ आहे.

त्या लेबनान्याला मी एक शब्दही खोटा बोललो नाही. फक्त पुढचं सांगितलं नाही. मित्राचा खांदा उन्हाळ्यातच बरा झाला होता. क्लिनिकमध्ये मीच गेलो होतो त्याच्याबरोबर, रिपोर्ट मीच वाचून दाखवला होता, आणि त्या फोनच्या आदल्या शनिवारी त्याने थेट सेंटरमधून फेकून एक गडी बाद केला तेही माझ्याच हाताने लिहिलेलं आहे. मला तो जायला नको होता, बाकी काही नाही. आणि त्यासाठी मी तुझं नाव वापरलं.

हे पत्र खरं म्हणजे त्याला लिहायला हवं. पण त्याला मराठी वाचता येत नाही, आणि म्हणूनच तर मी हे मराठीत लिहिलं. तुला लिहिलं, कारण तू आता काही म्हणणार नाहीस. उद्या शनिवार. तो हॉर्न वाजवायच्या आधीच मी खाली जाऊन उभा राहीन.