वाळू ओतताना

३ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. हे सवयीने लिहितेय. आज द्यायचं मनात नाही.

टाकीतले दोन मिशीवाले मासे मेले, हे मला शेजारच्या काकूंच्या पत्रातून कळावं? आपले नाना वारले तेव्हा त्यांच्या हातची एवढीच जिवंत वस्तू माझ्या वाट्याला आली होती. तीन महिन्यांच्या नर्सिंग ट्रेनिंगला निघताना तुला बजावलं होतं, चिमूटभर खाणं घाल, बाकी कशाला हात लावू नकोस. तर तू खडी उपसून वाळू भरलीस, तीही फिल्टर चालू ठेवून! जगाच्या मोटारी दुरुस्त करतोस आणि पंप वाळू ओढेल एवढं डोक्यात आलं नाही?

घराची किल्ली काकूंकडे देऊन टाक.

तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

किल्ली देणार नाही. फिल्टर बंद केला नाही, ही चूक माझीच. पाणी गढूळ झालं, पंपात वाळू जाऊन पंखा अडकला, पाण्यात हवा मिसळेना. संध्याकाळी कामावरून आलो तर दोघे उलटे तरंगत होते. तुला लिहायचा धीर झाला नाही.

पण मी हौसेने नाही भरली वाळू. तुझ्या त्या रंगीत, टोकदार खडीत तोंड खुपसून माशांच्या मिशा झिजल्या होत्या. तुला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा नंतर बोलू म्हणून ठेवून दिलास. मग मी कोणाला विचारायचं?

आता पंखा नवा बसवलाय. पाणी ओढणारी नळी वाळूच्या चार बोटं वर घेतली, तोंडाला स्पंज लावला. उरलेले चौघे दिवसभर वाळू चाळत हिंडतात. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा धाकटा

१५ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

पत्र फाडणारच होते. तू लपवलंस याचा राग अजून आहे, आणि तो राहील. माशांचा मात्र तुझ्यावर नाही.

खडी टोचतेय, वाळू आण, असं नानांनी मला अंथरुणातून सांगितलं होतं. मी खेकसले, आधी औषध घ्या, मग माशांचं बघू. वाळूचं ते पुन्हा बोललेच नाहीत. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नानांवर ओरडून झालं, स्वतःवर ओरडायची सवय नाही, तू सापडलास.

किल्ली तुझ्याकडेच राहू दे. आणखी वाळू घालशील तर धुऊन घाल, फिल्टर बंद करून, आणि पाणी निवळल्याशिवाय सुरू करू नकोस.

लोभ असू दे. माझ्यावर नसला तरी त्या चौघांवर.

तुझी ताई