कार्पोफोरो आणि रिकामी ताटली

मंगळवार, संध्याकाळ. तळेगाव ढमढेरे.

थकले. अळंबीच्या लागवडीवरच्या स्पॅनिश पुस्तिकेचं भाषांतर सकाळपासून 'कार्पोफोरो'वरच अडून बसलंय. बुरशीचा फळ धरणारा भाग, म्हणजे आपण खातो ती अळंबी. सरळ 'फळ' लिहू का? आमच्या गावात पटेल कुणाला?

हे सगळं कसं उगवतं ते बघायलाच मी मोरीत अळंबीचं बी घातलेली भुसकटाची पिशवी टांगली होती. आज तिला पांढरे झुबके आले. सासूबाईंना म्हटलं, हे हिचं फळ. झालं! पहिलं फळ घरात खायचं नसतं, म्हणून त्या ताटलीत घालून शेजारच्या काकूंना द्यायला गेल्या. काकूंनी त्यांच्यासमोरच ते उकिरड्यावर टाकलं. "कुत्र्याच्या छत्र्या कुणी खातं व्हय?"

सासूबाई रिकामी ताटली घेऊन माघारी आल्या. आता माझ्यावर चिडणार, असं वाटलं. कशाला फळ म्हणाले मी?

त्यांनी उरलेल्यातली मूठभर अळंबी लसूण घालून परतली आणि एकट्यानंच खाल्ली. मला हात लावू दिला नाही. "तू थांब. सकाळी जित्ती उठले, तर हीच ताटली भरून परत जाते तिच्याकडं."

ताटली घासून ठेवलीय त्यांनी. मी 'फळ' लिहिलं.