ज्याची तक्रार असेल त्याने पुढे यावे

परमेश्वराला आणि त्याच्या आईला स्मरून मी, लुकास मानिबुसान, राहणार आगान्या, ग्वाम बेट, वय अंदाजे बहात्तर, धंदा सरकारी दवंडी, माझी शेवटची इच्छा या कागदावर ठेवतो. मला अक्षर येत नाही. मी सांगतो आणि माझा बालमित्र व सरकारी लेखनिक सिस्तो पुनसालान लिहितो. माझे पाय सुजले आहेत, छातीत पाणी झाले आहे, पण डोके ठिकाणावर आहे. हे मृत्युपत्र करायला माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. जबरदस्ती करून घ्यावे असे माझ्याजवळ काही उरलेलेच नाही.

सिस्तो म्हणतो, हे शेवटचे वाक्य कायद्यात बसत नाही. मी त्याला म्हटले, "तुझ्या कायद्यात आजवर काय काय बसलंय ते मला नको सांगूस. लिही." त्याने लिहिले.

पहिले, माझा देह. तो चर्चच्या आवारात नदीच्या बाजूला, माझी बायको आना हिच्या शेजारी पुरावा. जागा अरुंद आहे, पण तिला माझी सवय आहे. माझ्या मरणाची दवंडी पिटू नये. एक घंटा पुरे.

दुसरे, घर. नदीपलीकडचे माझे राहते घर, बांबूच्या भिंतींचे, मोठ्या वादळानंतर नव्याने झावळ्यांनी शाकारलेले; त्याला लागून चुलीची खोपटी, सहा नीरफणसाची झाडे, अळूचा वाफा आणि अकरा माड. हे सर्व मी माझ्या पुतणीला देतो. माझा मयत भाऊ दोमिंगो याची ती एकुलती एक मुलगी. तिचे नाव मी या कागदात घेणार नाही.

इथे सिस्तोने लेखणी खाली ठेवली. "लुकास, वारसाचं नाव नसेल तर कागद रद्द. घर सरकारजमा होईल. सरकार म्हणजे कोण, ते तुला सांगायला हवं का?"

"नको."

"मग एक शब्द बोल की बाबा!"

मी त्याला सांगितले, पुढे लिहीत जा, कारण मी सांगणार आहे, आणि पटले नाही तर आपण पुन्हा भांडू.

तिसरे, हत्यारे. माडी काढायची कोयती शेजारी फाऊस्तो ताइताग्वे याला द्यावी. याची डुकरे तेवीस वर्षे माझा अळू खात आली. डुकरांना मी क्षमा केली आहे, त्याला केलेली नाही. पण माडावर चढायला आता या वस्तीत दुसरा कोणी नाही आणि कोयती गंजलेली मला बघवत नाही. पान-सुपारीचा डबा आणि चुन्याची डबी सिस्तोला. तो तसाही रोज त्यातलेच खातो.

चौथे, ढोल. ढोलाचे लाकूड राजाचे आहे, पण कातडे माझ्या बोकडाचे. सरकारी कातडे, गाव ज्यांना उपवासीसाहेब म्हणे त्या जुन्या गव्हर्नरांच्या काळात फाटले, नवे मागितले तर ते म्हणाले की पुढच्या जहाजाने येईल. ते जहाज येऊन गेले आणि नंतर अठ्ठावीस जहाजे आली. म्हणून मी मेल्यावर कातडे सोडवून घ्यावे आणि सिस्तोने त्याच्या वहाणा कराव्यात. लाकूड सरकारवाड्यात परत करावे.

आता कारण.

मी एकेचाळीस वर्षे दवंडी पिटली आणि सात गव्हर्नर पाहिले. उपवासीसाहेब शुक्रवारी स्वतः उपवास करीत आणि आठवडाभर आम्हाला घडवीत. त्यांच्यानंतर कोंबडेसाहेब आले, त्यांच्या झुंजीच्या कोंबड्यांना तांदूळ मिळे आणि आम्हाला कोंडा. बाकीच्यांची नावे ठेवायलाही गाव कंटाळले. सगळ्यांच्या बाबतीत रीत मात्र एकच. नवा गव्हर्नर जहाजातून उतरला की जुन्याच्या कारभाराची चौकशी होते. तीस दिवस मी चर्चच्या दारात, पुलावर, धक्क्यावर आणि वाड्यासमोर ढोल वाजवून ओरडायचे: "या साहेबांविरुद्ध ज्याची तक्रार असेल, मग तो लहान असो की थोर, बाई असो की पुरुष, त्याने न भिता पुढे यावे!" चौकशी नवा साहेब करतो. तीस दिवस जुना त्याच्याच घरात राहतो, दोघे एका टेबलावर जेवतात, आणि नव्याला पक्के ठाऊक असते की चार-सहा वर्षांनी आपलीही पाळी आहे. कुंपणच शेत खाते तिथे राखणदार कोणाला ओरडणार? गावाला हे कळत होते. दवंडी झाली की लोक घरात जाऊन बसत आणि तीस दिवस खोकलासुद्धा बेताने काढीत.

एकच माणूस पुढे आला, माझा भाऊ दोमिंगो. खाडीत बारीक मासळी वर्षातून चार दिवस थव्याने येते, ती खारवून आम्ही वर्ष काढतो. कोंबडेसाहेबांनी लागोपाठ दोन वर्षे नेमके तेच चार दिवस सगळ्यांना त्यांच्या जहाजासाठी लाकूड तोडायला डोंगरात नेले. दोमिंगो तेवढेच सांगायला गेला. मी वाटेत त्याचा हात धरला.

"कुठे चाललास, गाढवा?"

"तूच तर ओरडतोयस, न भिता या म्हणून."

"अरे, ती दवंडी आहे!"

"आवाज तर तुझाच आहे ना, दादा?" तो म्हणाला आणि हात सोडवून आत गेला.

नव्या साहेबांनी त्याचे ऐकून घेतले, ब्रँडीचा पेला दिला, कागदावर फुली मारून घेतली. मग मला बोलावून विचारले, तुझा भाऊ खरे बोलतो का? मी म्हणालो, "मला काय ठाऊक, साहेब, मी फक्त ढोल वाजवतो." डोंगरात लाकूड तोडायला मीही होतो. जहाज गेल्यावर दोमिंगोला रानगुरे मारायला तिनियन बेटावर पाठवले. पुढच्या मोसमात होडीतून सुकवलेले मांस आले, तो आला नाही. ताप आला म्हणाले. त्याची मुलगी सहा वर्षांची होती, आई आधीच देवीच्या साथीत गेलेली. आना आणि मी तिला वाढवले. आम्हाला मूलबाळ नव्हते. जे काही सुख या घरात होते ते तिच्यामुळे होते.

तिचा नवरा व्हिसेंते उलांडीच्या, म्हणजे तोलासाठी बाजूला लाकूड जोडलेल्या, होड्या बांधायचा. गेल्या पावसाळ्यात, यंदा पायउतार झालेल्या साहेबांची होडी दोर सुटून प्रवाळावर आपटली. दोर व्हिसेंतेने बांधला नव्हता, होडी बांधली होती. त्याला चाळीस कोरडे मारले. चौथ्या दिवशी तो गेला. पुतणीने आणि मी त्याची पाठ धुतली, त्या पाठीचे वर्णन मी इथे करीत नाही. सरकारी वहीत मरणाचे कारण ताप असे लिहिले आहे. या बेटावर ज्याला गव्हर्नरचा हात लागतो त्याला ताप येतो.

मग यंदाचे जहाज आले, नवा साहेब उतरला, आणि मी सुजल्या पायांनी दवंडी सुरू केली. पहिल्याच दिवशी पुतणी म्हणाली, "काका, मी जाणार."

मी तिच्या पाया पडलो. तिला म्हटले, "तुझा बापही असाच गेला, पोरी."

"बाबा निदान गेले तरी. तुम्ही काय केलंत?"

आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जेवण वाढायची आणि उठून जायची. नवव्या दिवशी भाजलेला नीरफणस पुढ्यात ठेवून म्हणाली, "नाही जात. सोडा आता तो विषय. तुम्ही मेलात तर मला कोण आहे?" इथे हे सगळे थांबले असते. ती वाचली होती.

मला मात्र तिचे ते वाक्य सोसले नाही, तुम्ही काय केलंत. मी विचार केला, मी तसाही महिन्या-दोन महिन्यांचा सोबती आहे, मला कोण काय करणार? तक्रार मी माझ्या नावावर घालतो, पोरीच्या अंगाला काही लागणार नाही. बाराव्या दिवशी वाड्यासमोर दवंडी दिली, ढोल पायरीवर ठेवला आणि सरळ आत गेलो. नव्या साहेबांनी मला खुर्ची दिली. एकेचाळीस वर्षांत त्या घरात मला कोणी खुर्ची दिली नव्हती. सात जणांना ओळखून असलेला मी म्हातारा त्या खुर्चीला भुललो.

साहेब मायेने विचारीत गेले आणि मी सांगत गेलो. "पाठ तू स्वतः पाहिलीस?"

"धुतली, साहेब."

"एकट्यानेच?"

"नाही, पुतणी होती."

"म्हणजे मयताची बायको. खरी तक्रार तिची. तिचं नाव काय?"

ढोलाने माझे कान कधीच अधू झाले आहेत आणि मला हळू बोलता येत नाही. मी तिचे नाव सांगितले, ते दवंडी देतात तसे. शेजारच्या खोलीत जुने साहेब न्याहारी करीत होते. ते गळ्यातला रुमाल न काढताच दारात येऊन उभे राहिले आणि माझ्याकडे बघून हसले.

याला आपल्याकडे हात दाखवून अवलक्षण म्हणतात. पण दाखवला मी, हात तिचा होता.

सहा दिवसांत निकाल झाला. जुने साहेब निर्दोष. मी म्हातारपणामुळे माफ. सरकारी अधिकाऱ्याची बदनामी करायला वृद्ध चुलत्याला चिथावले म्हणून पुतणीला रोटा बेटावर कायमचे पाठवावे, परत येऊ देऊ नये. ती वाड्याच्या पायरीवर कधी चढलीसुद्धा नव्हती. आणि निकाल जाहीर करायचा म्हणजे दवंडी आलीच. ढोल माझ्या गळ्यात घातला. मी नाही म्हणू शकलो असतो. फार तर मला मारले असते, आणि मी तर मरायलाच टेकलो आहे. हे मला आज सुचते आहे. तेव्हा ढोल गळ्यात पडला आणि हात आपोआप चालू लागले. चर्चच्या दारात, पुलावर, धक्क्यावर आणि वाड्यासमोर मी तिचे नाव, बापाचे नाव, नवऱ्याचे नाव आणि शिक्षा ओरडून सांगितली. चार वेळा. मला माझी शरम वाटते, आणि शरमेचा तिला काही उपयोग नाही.

घरी आलो तेव्हा ती अळू सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "काका, एकच मागते. माझं नाव आता पुन्हा तोंडातून काढू नका. कधीच."

एवढ्या वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. कारण हे आहे.

सिस्तो पुन्हा भांडला. मी त्याला विचारले, नाव लिहिले तर घर तिला मिळेल का? हद्दपार बाईची मालमत्ता कोणाची होते? त्याने तोंडातले पान गालात सारले आणि म्हणाला, "पण नाव असलं तर निदान अर्ज तरी करता येईल."

"कुणाकडे?"

पुतणी पाण्याचा तांब्या घेऊन आत आली तेव्हा सिस्तोने तिलाच गाठले. "बाई, तू तरी हो म्हण. तुझं नाव लिहितो, चांगल्या अक्षरात लिहितो."

"सिस्तोकाका, माझ्या नवऱ्याचं नाव तुम्हीच लिहिलंत ना वहीत? अक्षर चांगलंच होतं. त्याच्यापुढे काय लिहिलंत?"

तिने तांब्या माझ्या हाताशी ठेवला, माझ्या पायाखालची उशी सारखी केली आणि बांधाबांध करायला निघून गेली. होडी उद्या सकाळी आहे.

पाचवे आणि शेवटचे. माझ्या पश्चात हे घर कोणाला मिळेल ते मला ठाऊक आहे आणि मी त्याला संमती देत नाही, पण अडवूही शकत नाही. पुतणीला द्यायला माझ्याजवळ घर उरले नाही, झाडे उरली नाहीत. तिने जे मागितले तेवढेच देतो.

मजकूर वाचून दाखवला, समजला, बरोबर आहे.

वारस: ____________

लुकास मानिबुसान, निशाणी फुली.

साक्षीदार: फाऊस्तो ताइताग्वे, निशाणी फुली. बेर्नाबे किनेने, माजी शिपाई, सही.

मुक्काम आगान्या, संत रोसाच्या सणाच्या आदल्या दिवशी, सन सतराशे चोपन्न.

लेखनिकाचा शेरा: वारसाची जागा मृत्युपत्रकर्त्याच्या सांगण्यावरून कोरी ठेवली आहे. वारस कोण हे दोन्ही साक्षीदारांना, मला आणि या गावातल्या प्रत्येक माणसाला माहीत आहे. साक्षीदारांना ते नाव सांगण्याविषयी तीनदा विचारले. कोणीही सांगितले नाही. मीही लिहिलेले नाही. कायद्याप्रमाणे मालमत्ता सरकारजमा होईल. सिस्तो पुनसालान.