साखरपाण्याची बाटली

प्रिय पुलाने,

तुझी लेक पोट धरून रडत होती, तेव्हा तू म्हणालीस, "वहिनी, लेरेकोचं पोटाचं औषध दे की थोडं. कंजूषपणा नको. भाऊ खाणीवरून आला की दुसरं आणेल."

ते पोटाचं औषध नाही. मला एचआयव्ही आहे. माझ्या दुधातून तो लेरेकोला लागू नये म्हणून ते त्याला देते. तुझ्या भावालाही हे ठाऊक नाही. पोटाचं औषध असं मीच घरभर सांगितलं होतं, मग तुला नाही कशी म्हणणार? त्याच औषधाच्या एका रिकाम्या बाटलीत साखरपाणी भरून दिलं.

तुझी लेक झोपली. सासूबाई नळावर सांगत सुटल्या, "आमच्या सुनेच्या हाताला गुण आहे." मी खाली मान घालून मक्याचं पीठ शिजवत राहिले.

आज तू ती बाटली धुऊन घोंगडीत गुंडाळलीस. म्हणालीस, "उद्या दवाखान्यात दाखवते आणि हेच मागते."

नर्सला बाटली बघताच सगळं कळेल. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे लिहायला बसले.

पण साखरपाण्याची दुसरी बाटलीही भरून ठेवली आहे. सकाळी तू निघालीस की म्हणेन, "एवढ्या लांब कशाला जातेस? ही घे."

तुझी वहिनी,
मा-लेरेको