पंख्याची खडखड

प्रिय चष्मिश,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तुझ्या कपाळावर आठी पडली असणार. पत्र फाडायचं तर फाड, पण आधी वाच. फोन तू उचलत नाहीस, मग मी तरी काय करू?

मामाच्या सुतारखान्यात आता मोठी करवत माझ्या हातात असते. मामा म्हणतो, कॉलेज सोडून पोरगं लाकडं कापायला लागलं, बापाचं नाक तर आधीच कापलंय. हसतो मी. करवत चालू असते तोवर कानातली शिट्टी ऐकू येत नाही, एवढंच मला पुरतं. परीक्षेच्या हॉलमध्ये सगळे चिडीचूप असताना ती केवढी वाढायची, हे तुला सांगायला नको. 'ती शिट्टी बंद करा' म्हणून मी ओरडलो, पर्यवेक्षकांनी बाहेर काढलं, आणि मी परत गेलोच नाही.

मग साथ आली. सुतारखाना बंद, रस्ते बंद. आई खिडकीत उभी राहून म्हणायची, किती छान शांत वाटतंय रे, पाखरं ऐकू येतात. मला मात्र पाखरं नव्हती, नुसती शिट्टी. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं. तेव्हा तू दुपारी अभ्यासाला बसताना मला लावलेला फोन चालूच तुमच्या त्या म्हाताऱ्या टेबलफॅनजवळ ठेवायचीस. जाळीत कागदाची घडी खोचलेली, तरी खडखड करायचा मेला. त्या खडखडीत मी लहान पोरासारखा झोपायचो.

साथीच्या आधी डॉक्टरांनी माझ्या डोक्याला वायरी चिकटवून मेंदूचा आलेख काढला होता, आठवतं? साथ ओसरल्यावर त्यांनी मला पुन्हा बोलावलं. वायरी लावणारी ताई म्हणाली, डोकं शांत ठेवा. म्हटलं, ताई, ते शांत असतं तर इथे कशाला आलो असतो? दोन्ही आलेख शेजारी ठेवले, तर दुसरा पिसाळलेला. मी स्वस्थ बसलो होतो गं, देवाशप्पथ! डॉक्टर म्हणाले, भीतीमुळे असेल, एकटेपणामुळे असेल, त्या शांततेमुळेही असेल, एका माणसावरून सांगता येत नाही. मी भडकलो. म्हणजे तुम्हालाही माहीत नाही? ते म्हणाले, नाही. इतक्या साधेपणानं म्हणाले की मला पुढे भांडताच येईना.

मग त्यांनी विचारलं, कुठल्या आवाजानं बरं वाटतं? समुद्र, धबधबा, सगळं ऐकवून झालं. मी म्हटलं, पंखा. ते म्हणाले, पुढच्या वेळी तो आवाज घेऊन या, ऐकवून आलेख काढू.

म्हणून तुमच्या घरी गेलो होतो. तुझी आई दारातूनच म्हणाली, ती नोकरीच्या गावी गेली आणि तो खटारा भंगारात गेला. मी जुन्या बाजारातून तसाच एक आणला. जाळी सैल केली, कागदाची घडी खोचली. खडखड अगदी तीच. पण शिट्टी हटेना. दिवसभर त्याच्यासमोर बसलो तेव्हा कळलं, काय कमी आहे ते. मागे पानं उलटण्याचा आवाज नव्हता. मधेच पेन आपटून 'शी, हे काय उत्तर आहे?' म्हणणारं कुणी नव्हतं.

कॉलेजं उघडली तेव्हा तू चिडून विचारलं होतंस, मी काय तुझ्या कानाचं औषध आहे का? तेव्हा मी फोन आपटला. उत्तर आजही नाही माझ्याकडे, डॉक्टरांकडेही नाही. तू परत ये असं म्हणत नाही. ते म्हणायला कुठल्या तोंडानं उभा राहू? पण पुढच्या शुक्रवारी दुपारी तिसरा आलेख आहे. तेवढ्यापुरता माझा फोन उचल आणि बाजूला ठेवून दे. वाचत बस, भांडी घास, काहीही कर. माझ्याशी बोलू नकोस. मीही अवाक्षर काढणार नाही, मला हलायलासुद्धा परवानगी नसते तिथे.

अजून तुझाच,
भडकू